बुद्धिबळ स्पर्धेत माझ्या मुलासमोर पहिल्याच फेरीत रेटिंगमध्ये 500 गुणांनी वरचा खेळाडू, हा अन्याय आहे का?

अन्याय नाही, स्विस पद्धतच तशी आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात तोलामोलाची जोड बघून कुस्ती लावतात. इथे मात्र पहिल्या फेरीला रेटिंगप्रमाणे, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्याप्रमाणे, यादी लावून मधोमध तोडतात आणि वरच्या अर्ध्याची गाठ खालच्या अर्ध्याशी पडते.

तुमचा मुलगा 13 वर्षांचा, रेटिंग 1450, समोरचा 1950 चा. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, हिशेबात 400 च्या वरचा फरक 400 च धरतात. मुलाचा के (एका डावानं रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक) 40, त्यामुळे क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचा, डाव हरला तर 3.2 गुण जातील, बरोबरीत 16.8 मिळतील, जिंकला तर 36.8. भ्यायचंय कुणी, सांगा बघू? समोरच्याचा के 20 असेल तर जिंकूनही त्याला जेमतेम 1.6.

फक्त बरोबरीच्या आशेनं मोहऱ्याला मोहरं देत मारामारी करत सुटू नको म्हणावं. मी कोल्हापुरातच एका स्पर्धेत तेच केलं होतं. वजीर गेले, घोडे गेले, उरला एकेक हत्ती आणि चार-चार प्यादी. मला वाटलं, सुटलो! पण समोरचे काका चहाचा कप बाजूला ठेवून आरामात राजा पटाच्या मध्यावर घेऊन आले, आणि माझा हत्ती प्यादी राखत बसला. ताकदीतला फरक शेवटच्या टप्प्यातच जास्त दिसतो. डाव गुंतागुंतीचा ठेवू दे, आणि घड्याळात वेळ राखू दे.

हरला तर लगेच जेवायला ओढून नेऊ नका. आधी त्या खेळाडूबरोबर डाव परत मांडू दे, बहुतेक जण आनंदानं बसतात.