‘२००० एडी’ जमवायला सुरुवात करतोय. पहिला अंक आधी घ्यावा का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: २०१२चा ‘ड्रेड’ सिनेमा पाहून तुम्ही मूळ कॉमिक्सपर्यंत पोहोचलात, भाऊ दिवाळीत इंग्लंडहून पुण्याला येतोय, आणि त्याच्या हातून ‘२००० एडी’ या ब्रिटिश कॉमिक साप्ताहिकाचा पहिला अंक मागवावा असं मनात आहे. खर्चाची तयारी दहा-बारा हजारांची.

पहिला अंक घेऊ नका. निदान आत्ता तरी नको.

मी बर्मिंगहॅमजवळ राहते आणि कार बूट सेल (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात ते बाजार), चॅरिटी शॉप, जुन्या कॉमिक्सचे बाजार असं सगळीकडे फिरून ही साप्ताहिकं जमवते. पहिल्या अंकाबद्दल पहिली गोष्ट ही की त्यात ड्रेड नाहीच. त्यात दुसऱ्याच कथा आहेत: डॅन डेअर आहे, ‘फ्लेश’ आहे, ‘इन्व्हेजन’ आहे, ‘हार्लेम हीरोज’ आणि ‘मॅक वन’ आहेत. जज ड्रेड, म्हणजे भविष्यातल्या शहरात जागेवरच शिक्षा देणारा हा पोलीस-न्यायाधीश, आला दुसऱ्या अंकात, ५ मार्च १९७७च्या. म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही या वाटेला लागलात तोच त्या महागड्या अंकात सापडायचा नाही.

दुसरं, पहिला अंक प्रसिद्ध आहे, दुर्मीळ नाही. विक्रीला सतत येत असतो. त्यावर तारीख २६ फेब्रुवारी १९७७ची आहे, पण दुकानात तो १९ तारखेलाच आला होता. इथल्या साप्ताहिकांवर अंक विक्रीतून काढून घ्यायची तारीख छापत. किंमत आठ पेन्स. सोबत ‘स्पेस स्पिनर’ नावाची लाल प्लॅस्टिकची, हवेत फेकायची चकती फुकट, मुखपृष्ठावर चिकटवलेली. आठ-दहा वर्षांच्या पोराच्या हातात अशी चकती आली की तिचं काय होणार ते सांगायला नको. शेजाऱ्याच्या छपरावर गेली ती गेलीच. त्यामुळे खरा भाव चकतीसकट अंकाला. नुसत्या अंकाच्या मुखपृष्ठावर बरेचदा चिकटपट्टीचा डाग किंवा सालपट निघालेलं दिसतं, आणि तरी विकणारा त्याला ‘उत्तम अवस्था’ म्हणतो. चकती दुसरीकडून आणून जोडलेली नाही ना, हेही तुम्हाला दुरून कळणार नाही.

मग घ्यायचं काय? सलग गठ्ठा घ्या. हे साप्ताहिक आहे. अंकात पाच-सहा कथा, प्रत्येकीला चार-सहा पानं, आणि त्यातल्या बहुतेक क्रमशः. सुटा अंक हातात आला की तुमच्याकडे पाच गोष्टींचे मधलेच तुकडे येतात. ऐंशीच्या दशकातले अंक गठ्ठ्यात घेतले तर मला साधारण एक-दोन पौंडांना एक पडतो. तेवढ्याच पैशांत वर्षाचं वाचन होतं.

ड्रेडच्या चाहत्याने १९८१-८२पासून सुरुवात करावी असं मी म्हणेन. २२४ ते २२८ या अंकांत (इथे अंकाला ‘प्रॉग’ म्हणतात, विकणाऱ्याशी बोलताना तोच शब्द वापरा) ब्रायन बोलंडने काढलेली जज डेथची दुसरी कथा आहे. जगणं हाच गुन्हा, असं मानणारे मेलेले न्यायाधीश शहरात घुसतात. याच २२८मध्ये ‘रोग ट्रूपर’ ही वेगळी कथामाला सुरू होते, चित्रं डेव्ह गिबन्सची. पुढे २३६पासून ‘ब्लॉक मेनिया’ आणि त्याच्या पोटातून निघालेलं ‘अपोकॅलिप्स वॉर’, २७०पर्यंत. हे युद्ध सबंध कार्लोस एझ्केराने काढलंय. ड्रेडचं रूप मुळात याच स्पॅनिश चित्रकाराने घडवलं, लेखक जॉन वॅग्नर. पण पहिली छापून आलेली कथा माइक मॅकमहॉनने काढलेली निघाली, म्हणून एझ्केरा नाराज होऊन निघून गेला होता. तो परतल्यावर काय झालं ते या युद्धात दिसतं. ड्रेडच्या शहराची, मेगा-सिटी वनची, ८० कोटींची वस्ती निम्म्यावर येते आणि शेवटी ड्रेड स्वतः जे करतो ते वाचून तुम्हाला त्याला नायक म्हणायचं की नाही हा प्रश्न पडेल. पडायलाच हवा. इथले जुने वाचक चाळीस वर्षं त्यावरच भांडतायत.

भांडणांचा विषय निघालाच आहे तर सांगते, या मंडळींच्या गप्पा ऐकणं हा जमवण्याइतकाच मोठा आनंद आहे. कॉमिकचा संपादक म्हणे बीटलज्यूस ताऱ्याजवळून आलेला थार्ग नावाचा हिरवा परग्रहवासी. तो वाचकांना ‘बोराग थुंग’ म्हणून नमस्कार करतो आणि ‘स्प्लुंडिग वुर थ्रिग’ म्हणून निरोप घेतो. पन्नाशी उलटलेले, कर्ज फेडत असलेले सभ्य गृहस्थ बाजारात एकमेकांना खरंच बोराग थुंग म्हणतात, हसत नाहीत. लेखक-चित्रकार म्हणजे थार्गचे ‘रोबो’. हा विनोद दिसतो तेवढा हलका नाही. तोवर ब्रिटिश साप्ताहिकांत चित्रकाराचं नाव सहसा छापत नसत, कोणी कोपऱ्यात सही केली तर ती पांढऱ्या रंगाने पुसून टाकत. केव्हिन ओनीलने इथे नावांची चौकट सुरू केली, ‘स्क्रिप्ट रोबो’, ‘आर्ट रोबो’ या थट्टेच्या आडून. त्यामुळेच आज आपण बोलंड की मॅकमहॉन असा वाद घालू शकतो.

सगळ्यात कडवट वाद जॉनी अल्फाचा. ‘२००० एडी’तल्याच ‘स्ट्राँशियम डॉग’ कथामालेचा हा नायक १९९०मध्ये मारला. एझ्केराने ते काढायला नकार दिला, दुसऱ्यांनी काढलं. वीस वर्षांनी जॉनीला परत आणलं, तेव्हा आणणं चूक की मारणं चूक यावर दोन तट पडले. मी मारणं चूक या तटात आहे. ‘हेलो जोन्स’ची हळहळ वेगळी: अॅलन मूर आणि इयन गिब्सनची ही कथा तीन भागांत थांबली, कारण हक्कांवरून मूरचं प्रकाशकाशी बिनसलं. पुढचे भाग कधी आलेच नाहीत.

या सगळ्यांच्या आधीची पिढी ‘ईगल’वाली. १४ एप्रिल १९५०ला मार्कस मॉरिस या पाद्रीने काढलेलं साप्ताहिक. अमेरिकेतून येणाऱ्या भयकथांना उतारा म्हणून. त्यातला डॅन डेअर आधी अंतराळातला धर्मगुरू असणार होता, फ्रँक हॅम्पसनने त्याला वैमानिक केलं. त्या लोकांना ‘२००० एडी’ अजूनही गावठी वाटतं. त्यांची ‘स्पेसशिप अवे’, ‘ईगल टाइम्स’ अशी चाहत्यांनी काढलेली नियतकालिकं आहेत. आपल्या बाजूला ‘झारजॅझ’ आणि ‘डॉगब्रेथ’. ईगल आत्ता नको, पानं मोठी आणि भावही मोठा.

एक लहानसा हव्यास मात्र परवडणारा आहे: १९७८चे प्रॉग ७१, ७२, ७७ आणि ७८. ‘कर्स्ड अर्थ’ या कथेत ड्रेड अणुयुद्धाने उजाड झालेला अमेरिका खंड ओलांडतो, आणि या चार अंकांत बर्गरच्या नामांकित दुकानांची नि डबाबंद भाज्यांच्या जाहिरातीतल्या हिरव्या राक्षसाची यथेच्छ टिंगल आहे. खटल्याच्या धास्तीने पुढची जवळजवळ चाळीस वर्षं पुस्तकरूपात ही प्रकरणं गाळली. २०१४मध्ये विडंबनाला कायद्याने सूट मिळाली, २०१६मध्ये ती पुन्हा छापली. तोवर ज्याला वाचायची त्याला हे अंकच शोधावे लागत. ड्रेडच्या कथांचे ‘कंप्लीट केस फाइल्स’ नावाचे संग्रह आहेत, त्यांच्या दुसऱ्या खंडात ती नाहीत, हे लक्षात ठेवा.

आता भावाला काय सांगायचं. विकणाऱ्याकडून मधल्या पानांचा फोटो मागवावा. रंगीत चित्र तिथेच असायचं, ते फाडून पोरं भिंतीला लावत. मागच्या बाजूला ‘माझ्यासाठी अंक राखून ठेवा’ असं पेपरवाल्याला द्यायचं कूपन असे. ते कापलेलं असेल तर पाठीमागच्या कथेचाही तुकडा गेलेला असतो. पिना गंजल्या असतील तर कागदावर तपकिरी डाग उतरतो, तो चालेल. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नुसता एक आकडा किंवा आडनाव खरडलेलं दिसेल. पेपर टाकणाऱ्या पोराला कुठल्या घरी टाकायचा ते कळावं म्हणून दुकानदार लिहायचा. अवस्था मोजणारे याचे गुण कापतात. मी असे अंक मुद्दाम घेते, स्वस्तही पडतात. माझ्याकडच्या एका गठ्ठ्यावर सलग ‘२२’ आहे, मग मध्येच ‘४१’ होतं. घर बदललं असणार, कॉमिक सोडलं नाही.

पुण्यात सांभाळायचं म्हणाल तर हा वर्तमानपत्री कागद आहे, पिवळा पडणारच. अमेरिकी कॉमिक्सच्या पिशव्या मागवू नका, अंक त्यात मावत नाहीत. पावसाळ्यात बंद कपाटात कोंडून ठेवलं तर कसर लागेल. वेखंड ठेवा, पण पुरचुंडीत बांधून. डांबराच्या गोळ्यांचा वास कागदाला लागतो आणि जाता जात नाही.

सगळे अंक जमतील का असंही विचारलंय. आकडा २४००च्या पुढे गेलाय आणि दर बुधवारी नवा येतो. २००० सालापासून मालकी ऑक्सफर्डच्या रेबेलियनकडे आहे, ते नवे अंक डिजिटलही विकतात, त्यामुळे आजचं वाचायला कागद लागत नाही. वाचत राहिलात तर कळेल की ड्रेडच्या जगातलं वर्ष आपल्यापेक्षा १२२ने पुढे असतं आणि तो आपल्याबरोबरच म्हातारा होतो.

भावाच्या सामानाचं वजन आधी बघा, शंभर अंक म्हणजे काही किलो होतात. २३६ ते २७०मधला एखादा अंक गठ्ठ्यात नसला तर गठ्ठा सोडू नका, तो सुटा मिळेल. २२४ ते २२८ मात्र आहेत ना हे आधी विचारून घ्या; बोलंडसाठी ते पाच अंक लोक आधीच बाजूला काढून ठेवतात.