थोरलीला राखणीला बसवू नका

नमस्कार ताई,
मला तीन मुलं. थोरली ९ वर्षांची, मधला ५ वर्षांचा आणि धाकटा १४ महिन्यांचा, नुकता चालायला लागलेला. सुट्टीच्या दिवशी त्यांचे बाबा कामावर असतात, म्हणून मी एकटीच तिघांना इनडोअर प्ले झोनमध्ये नेते. दर वेळी शेवट रडारडीत होतो. मधला वर जाऊन अडकतो, धाकट्याला कुणीतरी धडकतं आणि थोरली म्हणते, "तू मला खेळायला आणत नाहीस, यांना सांभाळायला आणतेस." मागच्या वेळी धाकट्याला मांडीवर घेऊन मोठ्या घसरगुंडीवरून खाली आले, तर एका बाईंनी सगळ्यांसमोर मला टोकलं. फार राग आला. एकटीने तिघांना नेणं हा माझा नुसता हट्टच आहे का?
– तिघांची आई

प्रिय मैत्रिणी,

हट्ट अजिबात नाही. एकट्या माणसाला तीन वयांची मुलं तास-दीड तास खेळवणं जमतं. पण तिघांवर सारखंच लक्ष ठेवायचं असं ठरवून गेलात, तर मात्र तिघांकडेही दुर्लक्ष होतं. धाकट्याला तुमचे हात लागतात, मधल्याला तुमचे डोळे, आणि थोरलीला फक्त तुम्ही कुठे आहात हे माहीत असावं लागतं. एवढं एकदा ठरलं की बाकीचं सोपं होतं.

थोरली जे म्हणाली ते खरं आहे, आणि ती ते तोंडावर बोलू शकली ही चांगली गोष्ट आहे. "भावाकडे बघ गं" असं सांगून तिला आत सोडलं, की तिचं खेळणं बिघडतं आणि भावाची राखणही होत नाही. नऊ वर्षांचं मूल खेळात रंगलं की आजूबाजूचं विसरतं, आणि त्याने ते विसरावंच. मग मधला रडायला लागला की बोलणी तिला बसतात. ही जबाबदारी तिच्यावरून पूर्णपणे काढा आणि आत शिरण्याआधी तसं तिला स्पष्ट सांगा: "भाऊ माझी जबाबदारी. तू खेळ. दर अर्ध्या तासाने पाणी प्यायला माझ्याकडे ये, आणि बाहेरच्या दाराकडे एकटी जाऊ नकोस." त्या अर्ध्या तासात तिला हाक मारू नका. मदत हवी असेल तर ती नेमकी आणि लहान मागा, म्हणजे सुरुवातीला मधल्याबरोबर एक फेरी. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता घसरगुंडी. त्या बाईंच्या बोलण्याची पद्धत बोचली असेल, पण त्यांचा मुद्दा बरोबर होता. लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरणं सुरक्षित वाटतं, प्रत्यक्षात ते उलट असतं. मूल एकटं घसरताना पाय कडेला अडकला, तर मागून ढकलणारं वजन त्याचं स्वतःचंच असतं, नऊ-दहा किलोचं. ते थांबतं किंवा वाकडं होतं. तेच मूल मांडीवर असेल तर मागून मोठ्या माणसाचं पन्नास-साठ किलोचं वजन खाली येतच राहतं. पाऊल कडेला चिकटलेलं, अंग पुढे निघालेलं, आणि गुडघ्याखालचं नडगीचं हाड पिळवटून मोडतं. त्यात ग्रिपच्या मोज्यांचे रबरी ठिपके चढताना पाय धरून ठेवतात तसे घसरतानाही घसरगुंडीला चिकटतात. घट्ट धरून ठेवल्याने हे टळत नाही, कारण मागून येणारा जोर तुमच्या वजनाचा असतो. धाकट्यासाठी लहान मुलांच्या भागातली बुटकी घसरगुंडी घ्या. त्याला वरून एकट्याला बसवा, तुम्ही बाजूला उभं राहून त्याच्या काखेत हात धरा आणि त्याच्याबरोबर चालत खाली या.

त्या दिवसानंतर धाकटा नीट चालतो आहे ना? अशा फ्रॅक्चरमध्ये कधी कधी सूजही दिसत नाही. मूल फक्त त्या पायावर भार टाकत नाही, लंगडतं किंवा पुन्हा रांगायला लागतं. असं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा आणि मांडीवर घेऊन घसरलो होतो हे आवर्जून सांगा. पहिल्या एक्स-रेमध्ये ही बारीक चीर न दिसण्याची शक्यता असते. मूल लंगडतच राहिलं तर पुन्हा दाखवायला संकोचू नका.

तुम्ही कुठे बसता यावर अर्धी लढाई अवलंबून आहे. जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. लहान मुलांचा भाग वेगळा, कुंपणाचा आणि फाटकाचा आहे का? त्या भागात बसून मोठ्या ढाच्यातून, म्हणजे मोठ्या मुलांच्या चढाउतरायच्या बहुमजली सांगाड्यातून, बाहेर येण्याची वाट दिसते का? आणि पालकांना वर चढायला परवानगी आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तर एकटीने तिघांना घेऊन जाण्यासाठी ती जागा सोयीची नाही, बाकी कितीही छान असो. शाळा सुरू असतानाच्या दिवशी सकाळी गर्दी कमी असते, पण तेव्हा थोरलीला येता येत नाही. सुट्टीच्या दिवशी उघडल्यावरचा पहिला तास त्यातल्या त्यात बरा.

सगळ्यांत जास्त अडचण मधल्याची असते. धाकटा तुमच्या हाताशी असतो, थोरली स्वतःचं बघू शकते. पाच वर्षांचं मूल मात्र मोठ्यांच्या मागे दोन-तीन मजले सहज चढतं आणि वर गेल्यावर त्याला परत येता येत नाही. चढताना पुढची पायरी डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय न दिसणाऱ्या जागी टाकावा लागतो. शिवाय वरच्या मजल्यावर उकडतं, आवाज घुमतो, बोगद्यांमुळे दिशा कळत नाही, आणि मागून आलेली मुलं "चल ना!" म्हणून ढकलतात. तो भित्रा आहे म्हणून अडकत नाही. त्याला उतरण्याची वाट माहीत नसते.

म्हणून पहिली दहा मिनिटं खेळ नाही, ओळख. चौघं मिळून ढाच्याला बाहेरून एक चक्कर मारा. कुठली घसरगुंडी कुठे उतरते, बाहेर यायची दारं किती, कुठल्या घसरगुंड्या फक्त मोठ्यांसाठी आहेत, हे मधल्याला बोट दाखवून सांगा. मग थोरलीने त्याला घेऊन आतून एकच फेरी मारायची, वर जाऊन खाली येईपर्यंत. तेवढी झाली की ती मोकळी. उलट्या दिशेने उतरणंही त्याला खालच्याच पायरीवर शिकवा: तोंड पायऱ्यांकडे, पोट चिकटवून, आधी एक पाय खाली टेकवायचा, मगच हात सोडायचा. हे जमलं की घसरगुंडीची भीती वाटली तरी त्याला आल्या वाटेने परत येता येतं.

तरीही अडकला, तर खालून "घसरगुंडीवरून ये, काही होत नाही!" असं ओरडू नका. घाबरलेल्या मुलाला घसरगुंडी हीच सगळ्यात मोठी भीती असते. "आहेस तिथे बसून राहा, मी माणूस पाठवते," एवढंच सांगा आणि कर्मचाऱ्याला वर पाठवा. ते त्यांचं कामच आहे, उपकार नाहीत. धाकट्याला कडेवर घेऊन स्वतः वर चढू नका. आत वाकून, गुडघ्यांवर सरकावं लागतं, आणि दोन्ही हात मोकळे नसतील तर तुम्ही पडताना त्याच्यावरच पडाल.

धाकट्याला धडक बसते ती बहुतेक वेळा दोन ठिकाणी: घसरगुंडीच्या तोंडाशी आणि बॉल पिटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या चेंडूंनी भरलेल्या हौदात. वरून येणाऱ्या मुलाला थांबता येत नाही आणि खाली बसलेलं बाळ त्याला दिसत नाही. घसरगुंडी जिथे संपते तिथून निदान दोन मीटर दूर राहा. मधल्यालाही हाच नियम पाठ करून द्या: खाली आलास की लगेच उठून बाजूला हो. घसरगुंडी उतरते अशा बॉल पिटमध्ये धाकट्याला नेऊच नका. लहान मुलांचा वेगळा बॉल पिट असेल तर आधी हाताने तळ चाचपा. केसांच्या पिना, नाणी, चिरलेले चेंडू तिथे सापडतात, आणि फुटलेल्या चेंडूच्या कडा धारदार असतात. या वयात सापडलेली प्रत्येक वस्तू तोंडात जाते. धाकटा तुमच्या हाताच्या अंतरात असायला हवा. समोर असणं पुरेसं नाही.

ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच मूल. थोरली आणि मधला एकत्र उड्या मारायला लागले तर थांबवा. जड मूल खाली येतं तेव्हा कापड ताणलं जातं आणि त्याच क्षणी हलकं मूल त्यावर टेकलं, तर त्याला स्वतःच्या उडीपेक्षा कितीतरी जास्त धक्का बसतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१२ साली नोंदवलं आहे की ट्रॅम्पोलिनवरच्या दुखापतींपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकापेक्षा जास्त जण एकाच वेळी उड्या मारत असताना होतात, आणि लागतं ते बहुतेक लहानाला. धाकट्याला ट्रॅम्पोलिनपासून पूर्ण लांब ठेवा.

कपड्यांचं थोडक्यात. तिघांना घोट्यापर्यंतची पँट, नाहीतर प्लास्टिकच्या घसरगुंडीवर गुडघे आणि मांड्या घासून सालटं निघतात. टोपीला किंवा गळ्याला नाडी असलेला कपडा नको, गळ्यात माळ किंवा दोरा नको, कारण जाळीत अडकला की गळा आवळतो. तुमच्याही गळ्यात स्कार्फ नको. तिघांना एकाच भडक रंगाचे शर्ट घाला, ढाच्यातल्या गर्दीत ते लांबून ओळखू येतात. आत शिरताना तिघांचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे कुणी दिसेनासं झालं तर त्या दिवशीचे कपडे आठवत बसावे लागत नाही.

वेळ धाकट्याच्या झोपेवरून ठरवा. तो उठल्यावर अर्ध्या तासाने निघा आणि ९० मिनिटांत परत फिरा, तिकीट दोन तासांचं असलं तरी. पैसे वसूल करायला म्हणून थांबलेला शेवटचा अर्धा तासच रडारडीचा असतो. दमलेल्या मुलाची पकड सैल होते, मधल्याचा तोल जातो, धाकटा जमिनीवर लोळण घेतो, आणि तुमचंही लक्ष उडालेलं असतं.

निघताना एकदम "चला!" म्हणू नका. दहा मिनिटं आधी थोरलीला आणि मधल्याला प्रत्यक्ष जवळ बोलावून सांगा, लांबून ओरडून नाही. पाच मिनिटांनी सांगा, "आता प्रत्येकी दोन घसरगुंड्या." त्या ढाच्याबाहेर उभं राहून मोजा आणि तिसरी देऊ नका. एकदा दिलीत की पुढच्या वेळी दोन म्हणजे पाच होतात. बूट आधी मोठ्या दोघांनी घालायचे, धाकट्याला शेवटी. नाहीतर तुम्ही मधल्याच्या बंदाशी झटत असताना धाकटा पुन्हा आत पळतो.

मग बाहेर पडण्याआधी तिघांचे आणि तुमचे हात साबणाने २० सेकंद धुवा. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, कारण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि अशा जागी तो सहज पसरतो. घरी आल्यावर मोजे थेट धुवायला टाका. तिघांपैकी कुणाला उलट्या किंवा जुलाब झाले असतील, तर ते पूर्ण थांबून ४८ तास होईपर्यंत तिघांनाही नेऊ नका, बाकीचे दोघे कितीही टुणटुणीत असले तरी.