कॉइल बदलण्याआधी

जुनी, पॉइंटवाली गाडी गरम झाली की बंद पडते आणि थंड झाली की मुकाट सुरू होते, हे लक्षण इग्निशन कॉइलचं, म्हणजे ठिणगीसाठी बॅटरीचं व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाचं, वाटतं खरं. पण कंडेन्सरही (पॉइंट जळू नयेत म्हणून त्यांना जोडलेला छोटा डबा) असाच दगा देतो. तेव्हा आधी डिस्ट्रिब्यूटरचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचं, झाकण उघडा. आतले पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) जळून काळेनिळे पडले असतील, तर आधी कंडेन्सर बदलून बघा. स्वस्तात सुटाल.

कॉइलच घ्यायची ठरली, तर नुसतं ‘१२ व्होल्ट’ वाचून उचलू नका. नवशिक्यांची फसगत हमखास इथेच होते. साधी कॉइल थेट १२ व्होल्टवर चालते, तिच्या प्रायमरीचा (बॅटरीचा प्रवाह जातो त्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स साधारण ३ ओहम भरतो. बॅलास्टवाली, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या वेगळ्या रेझिस्टन्समागे चालणारी, दीड ओहमच्या आसपास असते. ही बॅलास्टशिवाय जोडली तर कॉइल तापते, पॉइंट जळतात. काही गाड्यांत बॅलास्ट वेगळा दिसतच नाही, हार्नेसमधली (वायरींच्या जुडीतली) एक रेझिस्टन्स वायरच ते काम करते. म्हणून पॉइंट मिटलेले ठेवून इग्निशन चालू करा आणि कॉइलच्या फीडवर, म्हणजे इग्निशन स्विचकडून वीज येते त्या टोकावर, मल्टिमीटर लावा. १२ च्या जवळ आकडा आला तर साधी, ६ ते ९ आला तर बॅलास्टवाली. रीडिंग झालं की इग्निशन लगेच बंद करा.

गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं ‘+’ टोक बॉडीला जोडलेली) असेल तर कॉइलचं ‘+’ खुणेचं टोक डिस्ट्रिब्यूटरकडे जातं. उलट जोडलं तरी इंजिन चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण ठिणगी कमजोर पडते. जुन्या वायरी काढण्याआधी फोटो काढून ठेवाच.