आजाराचं नाव कशाला, काय करायचं ते सांगा

प्रश्न : ताई नमस्कार, मुलगी सहावीत आहे. तिला फिट्स येतात, गोळ्या चालू आहेत, गेल्या वर्षभरात एकदाही आलेली नाही. शाळेत कुणाला तरी माहीत असावं म्हणून मी फक्त क्लास टीचरना सांगितलं होतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटोही व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मागच्या आठवड्यात सहल ठरली आणि मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर तिचं नाव घालून टाकलं की हिला फिट्सचा त्रास आहे, सगळ्यांनी लक्ष ठेवा, आणि खाली तोच फोटो. हेतू वाईट नव्हता हे मलाही कळतं हो, पण आता मुली तिच्याशेजारी बसत नाहीत, एकीने तर विचारलं की हे लागतं का गं. ती म्हणते मला शाळाच बदलायची. भांडू का मी? आणि भांडून गेलेलं परत येणारे का?

उत्तर : नाही येणार. आठवडा झाला म्हणजे 'डिलीट फॉर एव्हरीवन'ची मुदतही गेली, ती दोन-अडीच दिवसांचीच असते, आणि तसंही ज्यांच्या फोनमध्ये फोटो आपोआप सेव्ह होतात त्यांच्या गॅलरीत ती चिठ्ठी जाऊन बसलीये. मॅडमना सांगा, ग्रुपवर एकच ओळ टाका, मागच्या आठवड्यातला सहलीच्या मेसेजखालचा फोटो सगळ्यांनी काढून टाकावा, बस. तिचं नाव नको, माफीनामा तर अजिबात नको, कारण माफी वाचून ज्यांनी पहिला मेसेज पाहिला नव्हता तेही वर स्क्रोल करून बघतात.

भांडण नको पण लेखी द्या. मुख्याध्यापकांना साधं पत्र, त्यात विचारा की माझ्या मुलीची तब्येतीची माहिती तुमच्याकडे कुठे कुठे आहे, ती कोण कोण बघू शकतं आणि ती शाळा सोडल्यावर त्या कागदांचं काय करता. बहुतेक शाळांनी हा विचारच केलेला नसतो (आणि हे मी रागाने नाही म्हणत, फॉर्म भरून घेतला की काम झालं असंच सगळ्यांना वाटतं), पत्र आलं की करावा लागतो.

आता सहलीचं. सहलीला सोबत जाणाऱ्या शिक्षकांना काय माहीत हवं? फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात काही म्हणजे काहीच घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर ॲम्ब्युलन्स. हे आणि तुमचा फोन नंबर एका कार्डावर मावतं. त्यात गोळीचं नाव, एमआरआयचा रिपोर्ट, कधीपासून, का, यातलं काय लागलं? काही नाही. चिठ्ठीचा फोटो तुम्हीही पाठवायला नको होता, बोलते त्याचा राग मानू नका, पण एकदा फोटो दुसऱ्याच्या फोनमध्ये गेला की तो आपला राहत नाही.

आणि वर्गातल्या मुलांना? त्यांना एकीचं नाव घेऊन काही सांगायचं नव्हतंच. पण आता कळलंच आहे तर मॅडमनी सगळ्या वर्गाला फिट्सचं फर्स्ट एड शिकवावं, भाजलं तर काय, नाकातून रक्त आलं तर काय, त्याच ओघात हेही, आणि हे स्पर्शाने, शेजारी बसून लागत नाही हे स्पष्ट सांगावं. तिने स्वतः उठून बोलावं की गप्प बसावं हे तिलाच ठरवू द्या. एकदा तिला न विचारता झालंय, दुसऱ्यांदा नको. शाळा बदलायचं सहल होईपर्यंत तरी बाजूला ठेवा.

कायद्याचं म्हणाल तर मुलांनाही खासगीपणाचा हक्क आहे हे १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम १६ मध्ये लिहिलेलंच आहे. युरोपात २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा लोकांच्या खासगी माहितीचा कायदा तब्येतीच्या माहितीला विशेष संवेदनशील धरतो. अमेरिकेत गंमत अशी की सरकारी शाळेच्या नर्सकडची फाइल बहुतेक वेळा १९९६ च्या हॉस्पिटलवाल्या हिपा कायद्यात येतच नाही, ती १९७४ च्या फर्पा या शाळांच्या रेकॉर्डच्या कायद्यात येते. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा कायद्यात १८ वर्षांखालची सगळी मुलंच धरलीत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा नियम ठेवलाय. पण कलमं घेऊन मॅडमच्या अंगावर जाऊ नका, त्यांच्याशी तुम्हाला अजून वर्ष काढायचंय.

प्रश्न : मी शिक्षक आहे. वर्गातल्या सगळ्या मुलांचे आजार, ॲलर्जी, गोळ्या गुगल फॉर्मवर मागवा आणि यादी स्टाफरूममध्ये लावा असं वरून आलंय. नाही कसं म्हणू?

उत्तर : नाही म्हणू नका सर, फॉर्म बदला. 'काही आजार आहे का' याऐवजी विचारा, 'शाळेत असताना आम्हाला काही करावं लागू शकतं का, काय?' निम्मी माहिती तिथेच गळून पडते, कारण कुणाच्या लहानपणीच्या ऑपरेशनशी तुमचा संबंधच नसतो. फॉर्मच्या सेटिंगमध्ये भरणाऱ्यांना सगळ्यांची उत्तरं दाखवायचा एक पर्याय असतो, तो बंद आहे ना बघा. भिंतीवरची यादी मात्र मला पटत नाही, स्टाफरूममध्ये झेरॉक्सवाल्यापासून पालकांपर्यंत कोणीही येतं. कुलुपाच्या कपाटात फाइल, किल्ली दोघांकडे. पीटीच्या सरांना दम्याच्या मुलाचा पंप कुठे आहे आणि त्याला कधी थांबवायचं एवढं कळलं की पुरे. हो, आणि गोळीची वेळ झाली म्हणून माइकवरून नाव पुकारू नका, मुलं लगेच जोडतात सगळं.

प्रश्न : ताई मी अकरावीत आहे. शाळेच्या काउन्सेलर मॅडमशी बोलायचंय, खूप दिवस झोप नाही, रडू येतं. पण त्या घरी सांगतील का? आणि वर्गशिक्षकांना?

उत्तर : बोल, आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न हाच विचार, 'मी जे सांगेन ते तुम्ही कुणाला कुणाला सांगाल?' चांगली काउन्सेलर या प्रश्नाला चिडत नाही, ती आधीच सांगते की तू स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करशील असं वाटलं, किंवा तुला कुणी त्रास देतंय असं कळलं, तर तिला गप्प बसता येणार नाही. तसं करतानाही आधी तुला सांगून करावं अशी अपेक्षा असते. बाकी झोप, रडू, अभ्यासाचं टेन्शन याची वर्गशिक्षकांशी चर्चा करायचं काही कारण नाही, त्यांना फार तर 'दर बुधवारी तिसरा तास ही नसेल' एवढंच. घरच्यांबाबत नियम जागोजागी वेगळे आहेत, तू १८ च्या आत आहेस, म्हणून तेही तिलाच विचार. घरी सांगायची वेळ आलीच तर कोण सांगणार, तू की त्या, आणि तू शेजारी बसलेली असशील का, हे आधी ठरवून घे. आणि जीव नकोसा वाटण्याइतकं झालं असेल तर बुधवारची वाट बघू नकोस, आजच कुणातरी मोठ्या माणसाला सांग.