सोलापुरात सिक्वेन्सर (डीएनए वाचणारं मशीन) नाही, मग डाळिंबाच्या तेल्या रोगावर जीनोमिक्सचं (पूर्ण डीएनए वाचून अभ्यासण्याचं) काम कसं करायचं?

मशीन विकत घ्यायचा नाद आधी सोडा. केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल आहे, तिथं देशभरातल्या संस्थांची उपकरणं दिसतात, फी भरून स्लॉट बुक करता येतो. पुणे आणि हैदराबाद दोन्ही आपल्याला एका रात्रीच्या गाडीवर, आणि सिक्वेन्सिंग करून देणाऱ्या लॅब दोन्हीकडं आहेत.

खरं काम इथंच आहे, डीएनए काढण्यात. डाळिंबाच्या पानात पॉलिफिनॉल (डीएनएला चिकटून तो खराब करणारी द्रव्यं) भरपूर, कोवळं पान घेतलं नाही आणि सीटॅब बफरमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) ती द्रव्यं शोषणारं पीव्हीपी टाकलं नाही तर तळाशी तपकिरी चिकट गोळा बसतो, तो पाठवून काही उपयोग नाही, पैसे मात्र जातात. २६०/२८० रेशो, म्हणजे डीएनएची शुद्धता दाखवणारा आकडा, १.८ च्या आसपास आला की मगच पाठवा. आणि तुम्हाला तेल्याचा जंतू, म्हणजे झॅन्थोमोनास, वाचायचा असेल तर पानाचा नाही, प्लेटवर शुद्ध वाढवलेल्या जंतूंचा (कल्चरचा) डीएनए द्या, त्याचा जीनोम, म्हणजे पूर्ण डीएनए, जेमतेम ५० लाख बेसचा (अक्षरांचा) असतो त्यामुळे खर्चही झेपतो.

सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आधी तिथल्या शास्त्रज्ञांना भेटा, रोगाची जाण त्यांच्याइतकी कुणाला नाही. नमुना इथं, मशीन दुसरीकडं हे नवं नाही, कोविडमध्ये इन्साकॉगनं (विषाणूचा जीनोम वाचणाऱ्या सरकारी लॅबच्या जाळ्यानं) हेच केलं की, डिसेंबर २०२० मध्ये १० लॅब घेऊन सुरुवात, नमुने गावोगावचे, सिक्वेन्सिंग मोजक्या ठिकाणी.

फक्त एक, डेटा कुणाचा आणि पेपरवर नावं कुणाची हे नमुना पाठवायच्या आधी लेखी ठरवा, आणि विश्लेषण स्वतः शिका, लिनक्स (संगणक प्रणाली) आणि आर (आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा) आलं की निम्मं काम घरबसल्या होतं.