धुऱ्यावरच्या सांभारावर (कोथिंबिरीवर) दिसलेली, डोळ्यांवर ठिपके असलेली ही माशी कोणती? नवी जात असेल का?

यवतमाळकडच्या वावरातले तुमचे तीन फोटो पाहिले. ही मधमाशी नाही. पंख दोनच आहेत आणि मिशा अगदी आखूड. ही सिरफिड माशी आहे, म्हणजे फुलांवर येणाऱ्या, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या माशांपैकी एक, आणि पिवळसर डोळ्यांवरचे गडद ठिपके व पाठीवरच्या उभ्या रेघा पाहता वंश एरिस्टॅलिनस. नेमकी जात मात्र या फोटोंवरून सांगता येणार नाही. आरव्होरम आणि क्विंक्वेस्ट्रिॲटस या दोन्ही जातींच्या पाठीवर रेघा असतात, त्यामुळे नुसत्या रेघांवरून नाव ठरवू नका.

खरी ओळख पंखात असते. पंखाच्या मधोमध एक खोटी शीर दिसते, कुठल्याच शिरेला न मिळणारी, घडी पडल्यासारखी. ती सिरफिडची खूण. मग पंखाच्या पुढच्या कडेजवळचा टोकाकडचा कप्पा (शिरांमधली जागा) बघा. एरिस्टॅलिनसमध्ये तो कडेला पोहोचण्याआधीच बंद होतो. मेसेम्ब्रियस या दुसऱ्या सिरफिड वंशातल्या माशीच्या पाठीवरही अशाच रेघा असतात, पण तिचा हा कप्पा कडेपर्यंत उघडा असतो. डोळ्यांवर ठिपक्यांऐवजी पट्टे असतील तर आणखी सावध राहा. स्टोमोऱ्हायना नावाची माशीही फुलांवर येते, तिचे डोळे पट्टेरी असतात आणि पुष्कळ जण तिला सिरफिड समजतात. तिचं तोंड चोचीसारखं पुढे आलेलं असतं आणि पंखात ती खोटी शीर नसते.

तुमच्या फोटोंत नेमका पंखच हललाय. सकाळी ऊन तापायच्या आत जा, तेव्हा माशी सुस्त असते. डिजिटल झूम वापरू नका, त्याने शिरा पुसट होतात. क्लिपची मॅक्रो लेन्स लावा, आपली सावली फुलावर पडू देऊ नका आणि एका दमात दहा-पंधरा फोटो काढा. वरून, बाजूने आणि समोरून चेहरा, असे तिन्ही कोन हवेत. तरीही जमलं नाही तर माशी पारदर्शक डबीत घेऊन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पाच-दहा मिनिटं ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. बाहेर काढल्यावर ती थोडा वेळ निपचित राहते. तेवढ्यात पट्टीशेजारी ठेवून पंखाचा फोटो घ्या. मग ती आपोआप उडून जाते.

रंग गडद आहे म्हणून नवी जात समजू नका. कोष थंडीत वाढला तर बऱ्याच सिरफिड माशा काळपट निघतात.

आणि ही पिकावरची मावा कीड खाते असं कुणी सांगितलं असेल तर ते हिला लागू नाही. मावा खातात त्या इस्किओडॉनसारख्या दुसऱ्या सिरफिड माशांच्या अळ्या. हिची शेपटीवाली अळी गोठ्यामागच्या साचलेल्या घाण पाण्यात वाढते. तिथेही बघा, अळीचा फोटो मिळाला तर तोही टाका. सगळे फोटो मूळ फाइल म्हणून, तारीख आणि गावासह द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोत शिरा उरत नाहीत.