नक्षत्रं, चिन्यांची २८ 'शिउ' (चंद्राचे मुक्काम) आणि सिंधू लिपीतली चिन्हं, सगळ्याचं मूळ एकच आहे का?

तुम्हाला कोणीतरी पाठवलेला, 'या सगळ्याचं मूळ एकच' असं दाखवणारा चार्ट, म्हणजे एका रकान्यात आपली २८ नक्षत्रं, शेजारी चिन्यांची २८, अरबांची २८ आणि शेवटी सिंधू मुद्रांवरची चिन्हं, असा एक कॉलेजात असताना मी स्वतः वहीत बनवला होता, त्यामुळे हसत नाहीये 😄

पण २८ या आकड्यावर फार जाऊ नका. चंद्राला तारकांमधून एक फेरी मारायला २७.३ दिवस लागतात, मग रोज रात्री तो कुठे मुक्कामाला आहे हे जो कोणी बघेल तो २७ नाहीतर २८ वरच येणार, त्यासाठी कोणाची कॉपी मारायला नको. आपल्याकडे तर दोन्ही आहेत, तैत्तिरीय संहितेत २७ आणि अथर्ववेदात अभिजित धरून २८.

नावांचंही तेच. ज्येष्ठाचा तो लाल तारा अरबांकडे 'कल्ब' म्हणजे काळीज, चिन्यांकडे 'शिन' म्हणजे पण काळीजच! मी तेव्हा उडालोच होतो. नंतर कळलं की अरबांचं काळीज विंचवाचं आणि चिन्यांचं ड्रॅगनचं, आणि आपल्याकडे त्याच ताऱ्यांना कानातल्या कुंडलाचा आकार मानतात. आकृतीच्या मधोमध लाल ठिपका दिसला की कोणालाही काळीजच सुचेल ना.

खरी गंमत मृगशीर्षात आहे. हरणाच्या डोक्याशी तीन बारीक तारे आहेत, शहरातून तर दिसतही नाहीत धड, आणि बाजूलाच काक्षी (बीटलज्यूज), राजन्य (रायजेल) असले ठळक तारे असताना भारत, चीन, अरब तिघांनीही चंद्राच्या मुक्कामासाठी हेच फिकट त्रिकूट निवडलंय. हा योगायोग मला पटत नाही, इथे देवाणघेवाण झाली असणार असंच वाटतं. कोणी कोणाकडून घेतलं यावर भांडणं चालूच आहेत. चीनमध्ये पूर्ण २८ नावं असलेली लाखकामाची पेटी इसपू ४३३ च्या सुमाराच्या थडग्यात मिळाली (१९७८ चं उत्खनन, हुबेई प्रांत), आपल्या वैदिक याद्या त्याहून जुन्या, पण अशा लिहिलेल्या वस्तूच्या रूपात नाही.

फरकही तेवढेच आहेत बरं का. आपल्या नक्षत्रांचे भाग नंतर सारखे केले, २७ धरून प्रत्येकी १३ अंश २० कला, चिन्यांचे भयंकर कमीजास्त, एक जेमतेम २ अंशाचा तर एक ३३ चा. आणि आपल्या लोकांना ठळक ताऱ्यांचा भारी सोस, स्वाती, श्रवण आणि अभिजित तिन्ही चंद्राच्या वाटेपासून लांब, अभिजित तर ६० अंशांहून जास्त, चंद्र तिकडे कधी फिरकतही नाही!

आता चिन्हं. जी लिपी वाचता येते तिथे पुरावा मिळतो. मेसोपोटेमियाच्या कीलाक्षरांत 'मुल' म्हणजे तारा आणि कृत्तिकांना ते 'मुल मुल' लिहायचे, आणि त्यांच्या 'मुल अपिन' या ग्रंथात चंद्राच्या वाटेवरच्या ताऱ्यांची यादी कृत्तिकांपासूनच सुरू होते, आपल्या वैदिक यादीसारखी. हे मात्र विचार करण्यासारखं आहे. (सुबारू गाडीवरचे सहा तारे म्हणजे पण कृत्तिकाच, तो जपानी शब्द चिनी 'माओ' नक्षत्राच्याच अक्षराने लिहितात.)

सिंधूचं वेगळं, ती लिपी अजून वाचताच आलेली नाही. तिचे फिनिश अभ्यासक आस्को पार्पोला म्हणतात की माशाचं चिन्ह म्हणजे द्राविडी 'मीन', त्याचा दुसरा अर्थ तारा, मग सहा रेघा अधिक मासा म्हणजे 'अरुमीन' (सहा तारे), जुन्या तमिळमध्ये कृत्तिका. कल्पना इतकी सुंदर आहे की खरी असावी असं वाटतं, पण लेख सरासरी पाचेक चिन्हांचे, तोच मजकूर वाचता येणाऱ्या दुसऱ्या लिपीतही दिलाय असा द्वैभाषिक लेख एकही नाही, म्हणजे ताडून बघणार कशाशी? आणि हे धरलं तरी एकदोन नावं सुटतात, अख्खे २८ रकाने नाही भरत.

तुमचा चार्ट ज्याने पाठवलाय त्याला एवढंच विचारा की अभिजितसमोर कुठलं चिन्ह टाकलंय आणि का. माझ्या वहीत तिथे मी एक झाडासारखं काहीतरी काढलं होतं, कारण तेवढंच उरलं होतं.